एकोणऐंशीचा सूर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. जुना म्हटल्यावर नाक मुरडू नका मित्रांनो, एके काळी मी नाचत होतो, गात होतो आणि हॉलभर टाळ्या घेत होतो!

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मी सगळाच्या सगळा एका जाडजूड कीबोर्डात मावलो. पडदा मला नव्हताच. घरातल्या टीव्हीला वायर जोडली की झालं. माझी स्मरणशक्ती चौसष्ट किलोबाइट. हसलात ना? तुमच्या फोनमधल्या एका फोटोलाही ती पुरायची नाही. त्यातून बटण बंद केलं की पाटी कोरी! म्हणून जे जपायचं ते साध्या कॅसेटवर भरून ठेवावं लागे. मग त्या कॅसेटमधून गाण्याऐवजी नुसतं चिर्र-खर्र ऐकू येई.

मी ज्या घरात आलो तिथे दोन बहिणी होत्या. त्या माझ्यावर डेमो करत. डेमो म्हणजे खेळ नाही की अभ्यास नाही. चित्रं आणि संगीत एकत्र नाचवायचं आणि बघणाऱ्याला म्हणायला लावायचं, "अरे, हे या डबड्याने केलं?" ताई संगीत रचायची. मला एका वेळी तीनच सूर काढता येतात, पण तिच्या हाताखाली मी अख्खा वाद्यवृंद व्हायचो. धाकटी आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून चित्रं करायची. त्यांच्या डेमोत एक लाल चेंडू उड्या मारायचा, मागे चांदण्या धावायच्या आणि खाली अक्षरं सरकत जायची. अहाहा!

कॉम्प्युटर क्लबचं प्रदर्शन रविवारी संध्याकाळी पाचला वाचनालयात होतं. सकाळी नऊ वाजता ताईने कॅसेट लावून पाहिली, तर आतून निघालं रेडिओवरचं गाणं!

"अगं, त्यात नुसती किरकिर होती," आत्या म्हणाली. "मला वाटलं टेप बिघडली. म्हणून मी गाणी भरली तिच्यावर."

आत्या शेजारच्या खोलीत कपडे शिवायची आणि मशीन चालवताना तिला गाणी लागायची. कॅसेटवर लेबल लावायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

दोन महिन्यांची मेहनत पाण्यात! ताईने आत्याशी बोलणंच टाकलं. माझ्याकडे तर एक अक्षरही शिल्लक नव्हतं. शेवटी धाकटीने वही उघडली. "चित्रांचे, सुरांचे सगळे आकडे आहेत इथे. चल, पुन्हा टाइप करू."

सगळे म्हणजे किती? अकराशे! वाचायला आत्याच बसली. रोज मापं पुकारणारी बाई ती, अडखळतेय कशाला! "छत्तीस, बेचाळीस, सदुसष्ट, एकोणऐंशी..." धाकटीची बोटं माझ्या कळांवर धाडधाड पडत होती, आणि तिथेच घोळ झाला. कानावर 'ऐंशी' पडलं, 'एकोण' म्हणजे नऊ असणार, म्हणून पोरीने हवे होते ७९ तिथे ठोकले ८९! मला कळलं का? छे! देतील ते निमूट घ्यायचं, हा माझा स्वभाव.

साडेचारला कॅसेट भरून झाली. डेमो चालवून बघायला वेळच उरला नाही.

वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता. कॅसेटवरून डेमो माझ्यात उतरेपर्यंत पाच मिनिटं चिर्र-खर्र चाललं, लोकांनी कानांवर हात ठेवले. ताईने डोळे मिटून घेतले. आणि मग मित्रांनो, मी सुरू झालो! चेंडू उसळला, चांदण्या धावल्या, तिन्ही सूर एकदम घुमले! चाल शेवटाकडे आली. शेवटचा सूर खाली उतरून थांबायचा होता. त्याऐवजी तो एक पायरी वर चढला, तिथेच लोंबकळला आणि चेंडूबरोबर उडी मारून पुन्हा पहिल्या ओळीत शिरला.

"हा सूर असा नव्हता!" ताई दचकून पुटपुटली.

पण लोक "ओहो!" म्हणाले. पुढच्या फेरीला ते त्या जागेची वाट बघू लागले. चौथ्या फेरीला तर सगळा हॉल त्या सुरावर टाळी देत होता!

आत्याचा चेहरा उतरला होता. "माझ्यामुळे पुन्हा चुकलं ना गं?"

सकाळपासून पहिल्यांदा ताई तिच्याशी बोलली. "चुकलं खरं. पण आत्या, आधी हे संपायचं. आता संपूच नये असं वाटतंय, ऐक ना!" आणि तिने आत्याचा हात घट्ट धरला. मी प्लॅस्टिकचा असलो म्हणून काय झालं, माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं!

बक्षीस दुसऱ्यांनाच मिळालं. मिळो बापडं! घरी आल्यावर धाकटीने एकेक ठिपका मांडून सरकत्या अक्षरांत नवी ओळ घातली: 'संगीत ताई, चित्रं धाकटी, शेवटचा सूर आत्या.'

पुढे माझ्यापेक्षा हुशार यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. वर्षानुवर्षं कुणी वायर जोडली नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? म्हणून सांगतो मित्रांनो, जुनं यंत्र, जुनी कॅसेट भंगारात देण्याआधी एकदा चालवून बघा. त्यात कुणाचे तरी दोन महिने असतात. आणि जे जपायचं त्यावर नाव लिहा, आळस करू नका.

माझी कॅसेट माझ्या शेजारीच आहे. तिच्यावर आत्याने प्रदर्शनाच्याच संध्याकाळी कापडाची पट्टी चिकटवली आणि आपल्या मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: 'बिघडलेली नाही. ही अशीच गाते.'