चारी चाकांत सारखीच

स्स्स... असा बारीक आवाज आला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा थांबला.

चैत्रातली दुपार होती. लाइट गेलेली, त्यामुळे पंखाही गप्प. दीपमाला उद्याच्या बॅगेत मायाचे फ्रॉक भरत होती. तिला वाटलं, कुकर. उठून स्वयंपाकघरात गेली तर कुकर घासून पालथा घातलेला, शेगडी थंडगार. मग वाटलं, सापबीप तर नाही? काठी घेऊन तिने मोरीत पाहिलं, फ्रिजमागे वाकून पाहिलं. तोवर आवाज एकूण चार वेळा झाला आणि पुरता बंद पडला. पाच वर्षांची माया बाहेर आजोबांपाशी खेळत होती, म्हणजे तिचाही उद्योग नव्हे. दीपमालाने काठी जागेवर ठेवली, पण आवाज काही तिच्या डोक्यातून गेला नाही.

संध्याकाळी शेवग्याखालची गाडी दारात आणून लावावी म्हणून तिने चावी फिरवली. दहा पावलं गाडी सरकली नाही तोच काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखं चित्र आणि मध्ये उद्गारचिन्ह. माया त्याला 'पातेलं आणि त्यात चमचा' म्हणायची.

चाकांत हवा कमी असल्याची खूण. हाच दिवा कालही लागला होता, सोमवारी. आणि काल पंक्चरवाल्या आप्पासोकडून चारी चाकांत हवा भरून आणल्यावर गेलाही होता.

गाडी जयराजने, तिच्या नवऱ्याने, दिवाळीच्या सुट्टीत घेतली होती. तो लष्करात, सध्या पार वर लडाखला. सुट्टी संपायच्या आत त्याने उसाच्या रानातल्या रस्त्यांवर तिला गाडी शिकवली आणि गेला. तेव्हापासून ती इस्लामपूरपर्यंत जाऊन यायची. बाजार, मायाची शाळा, सासऱ्यांचं बँकेचं काम. त्यापुढे कधी नाही. उद्या पहिल्यांदाच माहेरी जायचं होतं, वडूजला, एकटीने.

तिच्या आईच्या, दगडाबाईच्या, डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आज झालं होतं. पट्टी उद्या दहा वाजता काढणार होते. आईने फोनवर पुनःपुन्हा सांगितलं होतं, "पट्टी सुटली की पयलं तोंड मला मायाचं बघायचं. जन्मल्यापास्नं पोरगी धुरकटच बघितलीया मी. काळी का गोरी ते बी लोकांनी सांगितलेलं." एसटीने जायचं तर दोन गाड्या बदलून दुपार व्हायची.

पण काल दिवा लागल्यावर तिने जयराजला फोन केला तेव्हा त्याने शपथच घातली होती.

"दीपा, तो दिवा असताना गाडी दाराबाहेर काढायची न्हाई. हवा भरून दिवा गेला तरच जा. माझी शपथ हाय."

मग मायाने फोन ओढून घेतला होता. "पप्पा, तुमी पळत आला काय?"

"न्हाई गं. जिना चढून आलो. इथं हवाच कमी हाय. चार पायऱ्या चढलं तरी धाप लागती."

काल आप्पासोने चारी चाकांना साबणाचं पाणी लावून पाहिलं होतं. कुठे एक बुडबुडा नाही. पंक्चरच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस, पण तोही डोकं खाजवत राहिला.

"वहिनी, ह्यो लय विचित्र प्रकार हाय. चारी चाकांत सारखीच हवा, चोवीस. पायजे तेहतीस. पंक्चर असतं तर एकाच चाकाची गेली असती. तुमच्याकडं चोर येतोय आन चारी डब्यांतनं मोजून एकेक वाटी साखर नेतोय, असं झालं हे."

"आणि कमी असली तर काय होतं वो? फुटायची भीती जास्त हवेला ना?"

"सगळ्यास्नी तसंच वाटतं. उलटं हाय. कमी हवेचं टायर चपटं चालतं, अंग दुमडून दुमडून तापतं. उन्हाचं लांब गेलं की मग देतं दगा. त्यो दिवा काय उगंच लावलाय कंपनीनं?"

आणि आज पुन्हा दिवा. दीपमाला बारावी सायन्सची. लग्नाच्या गडबडीत पुढचं राहिलं, पण 'का' विचारायची खोड राहिलीच होती. तिने फोनवर शोधून पाहिलं. थंडी पडली की हवा आकसते म्हणे. पण चैत्रात कसली थंडी? मग ती प्रत्येक चाकापाशी उकिडवी बसली. सासऱ्यांना सायकलपाशी करताना पाहिलं होतं तसं, हवा भरायच्या तोंडावरचं टोपण काढून थुंकी लावलेलं बोट तिथे धरलं. पहिल्या चाकाला बुडबुडा नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही. चौथ्या चाकाला मात्र टोपणच नव्हतं.

आप्पासोला फोन लावला. तो मेव्हण्याच्या हळदीला गेलेला. "उद्या धाच्या आत दुकान उघडत न्हाई, वहिनी." म्हणजे उद्याचं जाणं राहिलंच. आईला काय सांगायचं, ह्या विचारात ती पायरीवर बसली.

"आई, च्या घे." मायाने भातुकली मांडली होती. तिने पुढे केलेला कप बोटाच्या पेराएवढा, काळा, आतून आट्यांचा.

दीपमाला त्याच्याकडे बघतच राहिली. "माया, हा कप कुठला गं?"

"चाकाचा. आबांनी दिला. टोपनं धरून बस म्हणले. मग आबांनी चाकाच्या तोंडात काडी दाबली की चाक असं करतंय, स्स्सऽऽ." मायाने गाल फुगवून दाखवले. "चारी चाकांनी केलं. एक कप मी ठेवून घेतला."

स्स्स. चार वेळा.

गोठ्यापाशी सासरे, लालासाहेब, म्हशीपुढे वैरण टाकत होते. सासूबाई गेल्यापासून ह्या माणसाचा आवाज घरात फार ऐकू येत नसे. पण सुनेने भाजीत मीठ विसरलं तरी ताट पुसून उठायचे. माहेरी गाडीने जाते म्हटल्यावरही "जा की" एवढंच म्हणाले होते. त्यांनी हे का करावं? नको असेल तर नको म्हणायचं. दीपमालाला राग यायला हवा होता. त्याऐवजी कोडंच वाढलं.

ती टोपण तळहातावर घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. "मामा, चारी चाकांत सारखीच हवा कशी वो कमी होती?"

लालासाहेबांनी टोपणाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "फितूर झाली व्हय गं," म्हणाले आणि हातातली वैरण खाली ठेवली.

"मामा, तुमाला मी जायला नको असलं तर..."

"खुळी का काय तू?" ते एकदम म्हणाले. "जायाला न्हाई, टायर फुटायला नको म्हणून सोडली हवा. आगं, वीस वरसं कारखान्याला ऊस वढलाय मी ट्रॅक्टरनं. एकदा असंच ऊन हुतं. माझा गडी सिद्धू ट्रॉलीच्या कडंनं चालत हुता आन टायर फुटलं. त्याचा उजवा कान गेला त्यो गेलाच. तवापास्नं ऊन वाढलं की मी हवा थोडी सोडतो. ट्रॉलीची सोडली, सायकलची सोडली, परवा ह्या गाडीची बी सोडली. आप्पासोनं काल टायर दगडागत करून ठेवलंवतं. थाप मारून बघितली, कलिंगडागत वाजलं. मला रातभर झोप न्हाई."

"मग मला सांगायचं की!"

"काय सांगायचं?" ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "पारावर गेलो की माणसं म्हणत्यात, लालासाहेब, सुनंच्या हातात गाडी दिली, आता तुमी बैलगाडी काढा. मी म्हणलं, माझी सून तुमच्या पोरांपरीस बरी चालवती. असं तिथं बोलून आल्यावर तुला घरात कुठल्या तोंडानं सांगू, पोरी, मला भ्या वाटतंय म्हणून? तू म्हणली असतीस, मामांना बी पटत न्हाई."

दीपमाला त्यांच्याजवळ सरकली. मग तिने आप्पासोचं म्हणणं सांगितलं. चपटं टायर, दुमडणारं अंग, तापणारं रबर. चपाती दुमडून उलगडून दाखवावी तशी तिने मायाची रबरी चप्पल वाकवून दाखवली. लालासाहेबांनी चप्पल घेतली. पाच-पन्नास वेळा वाकवली आणि मधोमध बोट लावलं.

"ऊन ऊन लागतीया," ते पुटपुटले. आणखी थोडी वाकवली, आणखी एकदा बोट लावलं. "म्हंजे सिद्धूच्या वक्ताला..."

"त्या टायरला काय झालं होतं, कुणाला ठाऊक, मामा."

"त्याची हवा मीच सकाळी सोडलीवती गं. थोडीच." एवढं बोलून ते माळ्याच्या शिडीकडे वळले.

दीपमालाने मायाच्या पायात चप्पल घातली आणि तिला घरात नेलं.

उजाडता उजाडता तिला जाग आली ती फुस्-फुस् अशा आवाजाने. अंगणात लालासाहेब माळ्यावरचा जुना, पायाने मारायचा पंप घेऊन पुढच्या चाकापाशी उभे होते. बनियन घामाने चिकटलेलं, पंप गंजका, पण नळी नवीन जोडलेली. माया पायरीवर बसून आकडे म्हणत होती आणि एकोणतीस आलं की पुन्हा वीसवर जात होती.

"मामा, सरका. मी मारते."

"तू गाडी चालवायची हायस. पाय दुखवून घेऊ नको." पण त्यांना धाप लागली होती. दुसऱ्या चाकाला त्यांनी मुकाट्याने पंप तिच्याकडे दिला. तिसरं त्यांचं, चौथं दोघांचं. चौथ्याला टोपण बसवायची वेळ आली तेव्हा माया तिचा कप द्यायला तयार होईना.

"दे गं बाय. वडूजला तुझी आज्जी खरा च्या देईल तुला," लालासाहेब म्हणाले.

गाडी फाटकापर्यंत गेली तरी दिवा तसाच. दीपमालाचा पाय ब्रेकवरच होता. शपथ ती शपथ. लालासाहेब खिडकीशी वाकून त्या दिव्याकडे असे बघत होते, जणू तो त्यांच्याकडेच बोट दाखवतोय.

"जरा फिरू दे चाक," ते म्हणाले. "अंगणातच."

तिने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, शेवग्याला वळसा घातला. एकदा. दोनदा. मायाला ती जत्राच वाटली. पाचव्या वळशाला दिवा गेला. न सांगता लागला होता तसाच न सांगता गेला.

"तुमी पण चला की, मामा."

"नगं. मी मागं बसून तुला भ्या घालीन." त्यांनी बोनेटवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. "पेट्रोलपंपावर एकदा मोजून घे. तेहतीस. एक कमी न्हाई."

पंपावरच्या माणसाने मोजली तर तीस-एकतीस निघाली. त्याने तेहतीस केली आणि विचारलं, "कुठं भरली वो ताई? चारी चाकांत सारखीच हाय की."

"घरीच," दीपमाला म्हणाली आणि तिला हसू आलं.

विटा मागे पडलं. ऊस संपला, माळ सुरू झाला. साडेआठ वाजले होते. दहाच्या आत नक्की पोचणार होत्या. दिवा गेलेला तो गेलेलाच. दीपमालाने प्रथमच स्टिअरिंगवरची पकड सैल केली.

माया बराच वेळ दिव्याच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"आई, गाडीतली हवा कमी झाली की दिवा लागतो?"

"हो."

"मग आपल्याला कळतं, आणि आपण भरतो?"

"हो गं."

"पप्पा म्हणले, तिकडं हवा कमी हाय."

"तिकडं डोंगर लय उंच आहेत ना, म्हणून."

एक फाटा गेला, बाभळीखाली बसलेली मेंढरं गेली. मग तिने आईकडे तोंड वळवलं.

"मग पप्पांचा दिवा कुणाला दिसतो?"