पालथी निगेटिव्ह

ते साल एकोणीसशे त्रेसष्ट. बाजारातल्या घड्याळजींना दुरुस्तीला एक माणूस हवा होता, आणि त्यांनी अर्जासोबत फोटो मागवला होता. कारण घड्याळजी माणूस पारखायचे ते तोंडावरून. नाक बसकं तर आळशी, कान चिकटलेले तर चिक्कू. डाव्या गालावर तीळ म्हणजे धसमुसळा, तोच उजव्या गालावर असला की हात स्थिर.

चिमणीचा तीळ डाव्या गालावर, चांगला मिरीएवढा. वडील गेल्यापासून घर ताईच्या फोटो स्टुडिओतल्या नोकरीवर चालत होतं. हे काम मिळालं नाही तर चिमणीने परगावी काकांकडे जाऊन त्यांची पोरं सांभाळायची, असं ठरून चुकलं होतं. आणि चिमणीला तर बंद पडलेलं काहीही दिसलं की ते उघडून बसायची खोड.

ताईने काढलेला फोटो जोडून तिने अर्ज धाडला, आणि आठ दिवसांनी बोलावणं आलं.

"ताई, ऐक! ‘उजव्या गालावरचा तीळ पाहून समाधान वाटलं.’ उजव्या?"

ताईने पत्र ओढून घेऊन स्वतः वाचलं. घाईघाईत डार्करूममध्ये तिच्याच हातून निगेटिव्ह पालथी लागून फोटोत डावं ते उजवं झालं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही सख्ख्या बहिणीची.

"तुझ्या रिटचिंगच्या पेन्सिलीने काढ की एक उजवीकडे," चिमणी म्हणाली. "डावीकडचा पावडरखाली झाकू."

"आणि जन्मभर पावडर थापून बसशील?" ताईने चपला घातल्या. "चल. चूक माझी आहे, मीच सांगते."

दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. ताईने सगळं एका दमात सांगून टाकलं. घड्याळजींनी आधी चिमणीचा गाल बघितला, मग खणातून फोटो काढला. फोटोत चिमणीचा हात हनुवटीशी होता आणि मनगटावर वडिलांचं घड्याळ. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. ताईला वाटलं, झालं, आता अर्ज परत देणार.

"किल्लीचं बोंड डावीकडे," ते पुटपुटले. "आकडे उलटे." मग भिंग काढून खुर्चीत टेकले. "चाळीस वर्षं घड्याळं बघतोय मी. आणि ह्या पोरीचा तीळ बघण्याच्या नादात समोरचं घड्याळच बघितलं नाही! हात दाखव गं."

चिमणी हसू दाबत म्हणाली, "आता रेषा बघणार?"

"रेषा कसल्या, आगाऊ! चिमटा कसा धरतेस ते बघायचंय."

त्यांनी एक बंद पडलेलं घड्याळ पुढे ठेवलं. केसाएवढी स्प्रिंग चिमणीने उचलली आणि जागेवर ठेवली. हात तसूभरही हलला नाही. घड्याळजी म्हणाले, "सोमवारपासून ये. आणि त्या तिळाचं बाहेर कुणाला बोलू नका, बाई."

चिमणी काकांकडे गेली नाही. घड्याळजींनी नाकं-कान बघणं काही सोडलं नाही, पण नोकरीला माणूस घेताना आधी चिमटा हातात द्यायचे. शेवटच्या आजारपणात डॉक्टरांचे कान लहान आहेत म्हणून कुरकुरले, आणि त्यांच्याच औषधाने आणखी दोन वर्षं जगले. ताईने पुढे स्टुडिओ चालवायला घेतला. तिथे निगेटिव्ह लावली की ती मोठ्याने विचारायची, "सुलटी?" आणि स्वतःच म्हणायची, "सुलटी."

दुकान शेवटी चिमणीकडे आलं. काउंटरच्या काचेखाली तो फोटो अजून आहे, उलटाच. गिऱ्हाईक फोटोतला तीळ बघतं, मग चिमणीचा गाल बघतं आणि विचारतं, "ही तुमची बहीण का हो?"