चिमणीला आवाज नव्हता

मित्रांनो, मी पुलगावच्या कापड गिरणीचा जुना भोंगा आहे. हातभर उंच, पितळेचा, पोटाशी जरा चेपलेला. तुम्ही मला ओळखत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ओळखता ती चिमणी! गिरणीची ती उंच, विटांची, काळ्या तोंडाची चिमणी. तिचं नाव काढलं की अजून माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं एकाच बॉयलरची लेकरं. धूर तिच्या वाट्याला गेला, वाफ माझ्या वाट्याला आली. पण कामाचं विचाराल तर गाव माझ्यावर चालायचं. मी पहाटे ओरडलो की चुली पेटायच्या. दुपारी ओरडलो की पाळी सुटायची. चिमणी काय करायची? नुसती उभी राहायची आणि वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी पाडायची. बायका तिला रोज शिव्या घालायच्या. फार चांगले दिवस होते ते!

माझी साखळी रूपरावजींच्या हातात असे. ते बॉयलरवर कामाला होते आणि त्यांना एक खोड होती. दुपारची पाळी सुटताना ते आधी दोन छोटे झटके द्यायचे, हुक्, हुक्, आणि मग लांब भोंगा. ते दोन झटके त्यांच्या बायकोसाठी, देवकाबाईंसाठी असत. मी निघालो, चाय मांड, असा त्यांचा अर्थ. अख्ख्या गावाला ते माहीत होतं. मॅनेजरसाहेब एकदोनदा रागावले, पण खोड काही गेली नाही.

पुढे गिरणी बंद पडली. रूपरावजींनी मला मागून घेतलं आणि घरच्या ओसरीत ठेवलं. दर दसऱ्याला ते मला चिंच लावून घासायचे आणि झेंडूचं फूल वाहायचे. बाकी वर्षभर माझ्यावर ओले टॉवेल वाळत.

चिमणीचं मात्र नशीब उघडलं. धूर थांबला आणि म्हणे ती सुंदर दिसू लागली! लग्न ठरलेली जोडपी तिच्यासमोर फोटो काढू लागली. कुणी गाण्याचा व्हिडिओ केला, त्यात ती. क्रिकेटच्या टी-शर्टवर ती. एका वर्षी तर गणेश मंडळानं थर्माकोलची चिमणी उभी केली आणि बाप्पाला तिच्या पायथ्याशी बसवलं. मोबाईलवर पुलगावचं काहीही उघडा, आधी ही बया हजर. राबणारा टॉवेलाखाली आणि नुसती उभी राहणारी पोस्टरवर! मित्रांनो, मी फार जळलो.

अशातच रूपरावजींच्या मुलानं, मुकेशनं, पिपरी मेघेला फ्लॅट घेतला. त्याची नजर माझ्यावर गेली.

"बाबा, हे धूड तिथं कुठं ठेवू? भंगारवाल्याले देऊन टाकू."

रूपरावजींचा चेहरा उतरला. नेमकी त्याच आठवड्यात मुंबईची माणसं गावात वेबसिरीज करायला आली होती. गोष्टीत त्यांनी गावाचं नाव बदललं होतं, पण चिमणी हीच. त्यांना गिरणीच्या भोंग्याचा आवाजही हवा होता.

"सिरीजमंदी याचा आवाज आला, त ठेवशीन?" रूपरावजींनी विचारलं.

"आला त ठेवतो. नाई आला त भंगार. मंजूर?"

"मंजूर."

चौकातल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला. वाफ नाही तर नाही, हवा तर हवा! इतक्या वर्षांनी माझ्या गळ्यात जोर आला. मुंबईच्या आवाजवाल्यानं माईक धरला. रूपरावजींनी साखळी ओढली. हुक्, हुक्, आणि मग लांब.

"काका, आधीचं ते हुक् हुक् नको. एकच लांब द्या."

"हो, हो," म्हणत त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा हुक्, हुक्! चार वेळा तेच झालं.

"हात आयकतच नाई न, भाऊ," ते ओशाळून म्हणाले.

आवाजवाला हसला. "बघतो. नाहीतर मुंबईत दुसऱ्या भोंग्याचा आवाज घालू," म्हणाला आणि चिमणीकडे पळाला. तिच्यासाठी ड्रोन आणला होता. ड्रोन! मी रूपरावजींवर इतका रागावलो की काय सांगू. त्या दोन झटक्यांनी माझा घात केला होता.

त्या हिवाळ्यात रूपरावजी वारले. मी रागातच होतो.

मग घर आवरायला काढलं. भांडी पोत्यांत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला येणार होता आणि आदल्या संध्याकाळी सिरीज लागली. मुकेशनं मोबाईल ट्रंकेवर उभा केला. त्याची मुलगी काजल पुढे बसली, देवकाबाई भिंतीला टेकल्या. काचबिंदूनं त्यांची दृष्टी केव्हाच गेली होती.

पडद्यावर चिमणी आली. मागे तांबडं आभाळ, ऐटीत उभी. आणि तेवढ्यात, हुक्, हुक्. मग लांब.

मीच होतो तो! आवाजवाल्यानं मलाच घेतलं होतं, झटक्यांसकट!

"बापरे!" काजल ओरडली. "चिमणीचा आवाज कसला भारी हाय!"

चिमणीचा! आयुष्यात एकदा पडद्यावर आलो आणि तेही हिच्या नावावर जमा झालं. मुकेशसुद्धा हो हो करत चिमणीच पाहत होता.

पण देवकाबाई उठल्या. भिंत चाचपत स्वयंपाकघराकडे निघाल्या.

"आई, कुठं चालली?"

"चाय मांडाले. तुहा बाप निघाला न."

आत त्या रिकाम्या ओट्यावर चहाचं पातेलं, त्यांचा गंज, शोधत राहिल्या. मुकेश गेला, पोत्याची दोरी सोडली आणि गंज काढून त्यांच्या हातात दिला.

खरं सांगू? मला तेव्हाही मत्सर वाटला, चक्क रूपरावजींचा. ओरडलो मी आणि ओळखलं त्यांना! मग आठवलं, ते झटके नसते तर मी आणि मुंबईचा कुठलाही भोंगा सारखेच होतो. ज्या चुकीसाठी मी त्यांच्यावर रुसलो, तिनंच मला वाचवलं. ते असताना हे कळायला हवं होतं. फार वाईट वाटलं मला.

सकाळी भंगारवाल्यानं कूलर उचलला आणि माझ्याकडे हात केला.

"ते राहू दे," मुकेश म्हणाला. "ते आईचं हाय."

आता मी पिपरी मेघेच्या बाल्कनीत असतो. देवकाबाई दसऱ्याला मला चाचपून चाचपून घासतात.

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणाच्या हातातली होती? आणि पुलगावला गेलात तर चिमणीचा फोटो खुशाल काढा. दिसायला बरी आहे ती. फक्त तिच्या आवाजाची तारीफ करू नका. तिला आवाज नव्हता हो, कधीच नव्हता!