पुढच्या चाकांचे ब्रेक

"दाब!" खालून व्हर्लन ओरडला.

"दाबलं!"

"धरून ठेव. सोडू नकोस हं!"

"अरे, धरलंय रे बाबा! पाय आहे माझा, जॅक नव्हे."

सकाळपासून हेच चाललं होतं. मी पिकअपमध्ये बसून ब्रेक दाबायचा, व्हर्लनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चाकाशी निपल ढिलं करून नळीतली हवा सोडायची आणि पुन्हा आवळायचं. दोन्ही चाकं दहा-दहा वेळा झाली, तरी पेडल आपलं लोण्यात पाय घातल्यासारखं खाली. घरात बीन्स करपायला आले होते ते वेगळंच.

पासष्ट सालचा हा पिकअप माझ्याआधी व्हर्लनच्या घरात आला, म्हणजे माझी सवतच. आजवर त्याने कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवणं बंद. त्याला आता कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. पिकअप मागायला दोन शेजारी लगेच हजर! व्हर्लन म्हणाला, "विकायचा नाही. इमोजीन चालवेल."

मी! त्या जुन्या ड्रम ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागायचं, आणि माझ्या गुडघ्यांची ही तऱ्हा. म्हणून त्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मागवले. आम्हा ओझार्कच्या डोंगरातल्या माणसांना स्वतःच्या गाडीला परक्याचा पाना लागलेला खपत नाही. "एकतीस वर्षं डेपोत ब्रेक बसवून शाळेच्या बस थांबवल्या," तो म्हणाला, "ही एक थांबवायला दुसरा कशाला?" तीन दिवस तो बोटांनी चाचपत काम करत होता.

आता तो बादली पालथी घालून तिच्यावर बसला. "जाऊ दे, इमो. विकून टाकू."

मी खाली उतरले, कण्हत-कुंथत चाकाशी वाकले. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण एकतीस वर्षं रात्रीच्या जेवणाबरोबर ब्रेकच ऐकलेत.

"व्हर्लन, हवा वर जाते की खाली?"

"वर. शेंबड्या पोरालाही कळतं."

"मग तुझं निपल खाली का?"

त्याने चाचपलं. मग दुसऱ्या चाकाशी जाऊन चाचपलं. डाव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळणारा चिमटा, उजव्याला, उजव्याचा डाव्याला; म्हणून निपल खाली आणि हवा वर अडकलेली. त्याने पाना खाली ठेवला. उगाच बोलले, असं मला वाटलं.

आणि एकदम तो खो खो हसत सुटला. "डेपोत कळलं ना, तर निवृत्तीचा केक परत मागतील!"

"त्यांना सांगणार कोण? बीन्स जाळल्याबद्दल माफ कर, मी गप्प बसते."

दुपारपर्यंत त्याने दोन्ही कॅलिपर अदलाबदल करून बसवले आणि पुन्हा हवा काढली. हात लावू दिला नाही. या वेळी पेडल वरच घट्ट थांबलं. मला इतका आनंद झाला की मी उगाचच चारदा दाबून पाहिलं.

निघताना तो सवयीने चालकाच्या दाराशी गेला. मुठीवर हात ठेवून क्षणभर थांबला, आणि दार माझ्यासाठी उघडून धरलं. मग बॉनेटला हात लावत पलीकडे गेला आणि बसला.

चर्चच्या उतारावर गाडीने वेग घेतला. तो ताठ बसून समोर बघत होता, दिसत नव्हतं तरी. खाली थांबायची खूण आली. त्याच्या उजव्या पायाने समोरचा, पेडल नसलेला पत्रा हळूहळू दाबला, आणि तेवढ्याच हळू मी ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या रेघेवर अलगद थांबली.

"नीट थांबवलीस," तो म्हणाला.

रस्ता मोकळा होता. त्याचा पाय वर आल्यावरच मी माझा उचलला.