गुडघ्यांच्या पावडरीचा प्रसाद

"तू ती पावडर सगळ्यांना वाटलीस? आई, औषध हाय ते, पंचखाद्य न्हवं!"

पद्मनाभ अंगणातनंच ओरडला आणि आम्ही शेजारच्या बाया आपापल्या दारात येऊन उभ्या राहिलो.

मालतीबाईंच्या गुडघ्यांतली गादी पार झिजलेली. ऑपरेशनला बाई तयार होईनात, म्हणून शहरात, चामराजपुरमात शिवणकाम करणाऱ्या या लेकानं कुणीतरी सांगितलेल्या पावडरीचा डबा आणून दिला. रोज दुधातून एक चमचा घ्यायचा. वर बजावलंही, की यंदा भाताच्या लावणीला चिखलात उतरता आलं तर ठीक, नाहीतर शेत शेजारच्या शांताक्काला वाट्यानं देऊन टाकणार.

त्या शेतात बाईंचा सगळा जीव. पण घरात नवं काही आलं की आधी विठ्ठलापुढं ठेवायचं आणि मग वाटायचं, ही जन्माची सवय कुठं जाते? एकादशीच्या भजनाला त्यांनी सगळा डबा पातेलंभर दुधात ढवळला आणि आम्हाला वाटी वाटी पाजला. लागला मात्र गोड.

"एकटीनं कसं खायचं रे? सगळ्यांचेच गुडघे दुखतात की."

"मग आता लावणीला काय करशील?"

"सुम्ने बस, गप. विठ्ठल बघून घील."

विठ्ठलानं काही बघितलं नाही. कालव्याला पाणी आलं, चिखलणी झाली. मालतीबाई पदर खोचून शेतात उतरल्या, पहिलं रोप लावायला वाकल्या आणि तिथंच बसल्या. काही केल्या उठता येईना. मी आणि शांताक्कानं काखेत हात घालून त्यांना ओढून बांधावर बसवलं, तेव्हा त्या लहान पोरीगत रडत होत्या.

लावणीसाठी गावी आलेल्या पद्मनाभनं आईकडं बघितलंच नाही. "मावशी, आता शेत तुमीच बघा," असं शांताक्काला म्हणाला आणि बसस्टँडकडं चालू लागला.

शांताक्का भराभर रोपं लावत सुटली.

"आक्का, तुमचा प्रसाद माझ्याच गुडघ्यांना लागला बघा!" ती हसून म्हणाली. मनात वाईट काही नव्हतं तिच्या.

"रांग सरळ धर," मालतीबाई म्हणाल्या आणि बांधावरूनच रोपांची एक जुडी तिच्याकडं टाकली.

मला राहवेना. "पद्मनाभला अजून एक डबा आणायला सांगू का?"

गुडघ्यांवरचा चिखल सुकत आला होता. तो नखानं खरवडत त्या म्हणाल्या, "नको गं. आता उतरायचं कुठं हाय?"