अर्ध्या गोळीचा हिशेब

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी मी एक जुनी डबी आहे. माझ्या झाकणाला आतून एक पातं आहे. गोळी आत ठेवून झाकण दाबलं की तिचे दोन सारखे तुकडे होतात. निदान पूर्वी व्हायचे. आता कुणी माझं कौतुक केलं तर शरमेने मान खाली जाते, म्हणजे मला मान असती तर गेली असती.

नवी असताना मी एका शिंपी आजोबांच्या घरी आले. त्यांच्या हृदयासाठी डॉक्टरांनी रोज अर्धी गोळी लिहून दिली होती. औषधाच्या दुकानातल्या ताई चिठ्ठी बघून म्हणायच्या, "रोज अर्धी, तीस दिवस. म्हणजे पंधरा गोळ्या." आणि तेवढ्याच मोजून द्यायच्या. त्या बरोबर महिनाभर पुरायच्या. आजोबा मला कौतुकाने म्हणायचे, "माझ्या कात्रीची धाकटी बहीण गं तू!" मी अगदी फुलून जायचे.

वर्षं गेली. माझं पातं कधी बोथट झालं, मलाच कळलं नाही. गोळी कापण्याऐवजी मी ती चिरडू लागले. कधी कधी तर नुसता चुराच व्हायचा. आजोबा दाराकडे बघत घाईघाईने चुरा पुसून टाकायचे आणि दुसरी गोळी घ्यायचे. त्यांना वाटायचं, आपलाच हात थरथरला. तो थोडा थरथरायचाही. ज्या हाताने साऱ्या गल्लीचे कपडे बेतले, त्याला एवढीशी गोळी धरता येऊ नये! आजोबा कुणाकडे बोलले नाहीत.

मग गोळ्या महिना संपायच्या आतच संपू लागल्या. शेवटचे काही दिवस आजोबा औषधावाचून काढायचे. पाय सुजायचे, ते मोज्यांत लपवायचे. पण सूनबाईंच्या नजरेतून काय सुटणार?

"बाबा, तुम्ही विसरून दोनदा गोळी घेता का?"

"घेत असेन," आजोबा म्हणाले.

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोष माझा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता.

"मग आता गोळ्या माझ्या कपाटात, कुलपात राहतील. रोज मीच हातावर ठेवीन," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, काळजीचा होता. आजोबांना तेच जास्त लागलं. दोघं लगेच दुकानात गेले. नेहमीप्रमाणे मी आजोबांच्या खिशात होते.

गोळ्या महिनाभर पुरत नाहीत हे ऐकून ताईंनी हिशेब पुन्हा करून पाहिला. "पंधरा बरोबर आहेत. आजोबा, गोळी कापता कशाने?"

आजोबांनी मला पुढे केलं. ताईंनी गोळी ठेवून झाकण दाबलं. त्यांचा हात मुळीच हलला नाही, तरी गोळीचा भुगा झाला. दुकानातल्या सगळ्यांसमोर मी उघडी पडले.

"हिची धार गेलीये, आजोबा. तुमचा काही दोष नाही," ताई म्हणाल्या. "माझंही चुकलंच. पंधरा गोळ्यांचा हिशेब केला, पण त्या अर्ध्या कशा करता, ते कधी विचारलं नाही. याच औषधाची निम्म्या ताकदीची गोळी मिळते. डॉक्टरांना विचारून तीच देते. मग कापायलाच नको."

आजोबा आपल्या हाताकडे बघत राहिले. सूनबाईंचे डोळे भरून आले. "बाबा, मला सांगायचं नाही का?"

"शिंप्याचा हात कापतो, हे कोणत्या तोंडाने सांगू गं?"

ताईंनी डॉक्टरांना फोनवर विचारून नव्या गोळ्या दिल्या. ते पाकीट सूनबाईंनी आजोबांच्याच खिशात ठेवलं.

आता मी शिलाई मशीनच्या खणात असते. माझ्यात बटणं ठेवतात. मित्रांनो, औषध वेळेआधी संपलं तर घरच्या म्हाताऱ्या माणसाला बोल लावण्याआधी माझ्यासारखीच्या पात्याकडे एकदा बघा. आम्हाला बोलता येत नाही. आणि ज्यांना येतं, तेही लाजेने गप्प बसतात.

आजोबांचा हात अजून थरथरतो. पण आता ते सूनबाईंना हाक मारून म्हणतात, "जरा सुई ओवून दे गं."