बापाच्या भाषेचा वरचा वर्ग

ठिणगीचं मुख्य शिक्षण पुलांचं. कुठला खांब किती भार सोसेल, लोखंड उन्हात किती फुगेल, असला रोखठोक अभ्यास. त्याला जोड म्हणून विद्यापीठात एक दुय्यम विषय घ्यावाच लागतो. तिच्या वर्गातल्या शहाण्यांनी संगणक घेतला, अतिशहाण्यांनी व्यवस्थापन घेतलं, आणि या बाईसाहेबांनी घेतला ‘आशियाई संस्कृती आणि समाज’. सगळे हसले. तुला काय, म्हणाले, बापच तिकडचा, घरबसल्या गुण मिळतील. हसू देत बापडे. ही पोरगी त्या विषयात गुणांसाठी गेलीच नव्हती.

ती गेली होती बापासाठी. बाप लाकडी सामानाच्या कारखान्यात पॉलिशवाला. पोरवयात एकटाच इथे आला, इथली भाषा शिकला, इथल्याच बाईशी लग्न केलं. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू परतले, पण उजव्या बाजूचं दिसेनासं झालं आणि इथली भाषा पार पुसली गेली. अख्खा संसार ज्या भाषेत केला तिच्यातला एक शब्द उरला नाही म्हणजे काय म्हणावं! उरली ती लहानपणची भाषा. आणि ती घरात कुणाला येत होती? कुणालाच नाही.

आईला दहा-बारा शब्द यायचे, तेही खाण्यापिण्याचे. गावात ती भाषा बोलणारं दुसरं औषधालाही सापडत नव्हतं. मोबाइलवर जगातल्या सगळ्या भाषा शिकायची सोय होती, नेमकी हीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तर आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की यांच्याशी यांच्या भाषेत रोज कुणीतरी बोललं पाहिजे. जिभेला काम मिळालं नाही तर उरलंसुरलंही जाईल. विद्यापीठात या दुय्यम विषयाखाली ती भाषा पहिल्या अक्षरापासून शिकवत होते. ठिणगीला वाटलं, चला, देव पावला.

कसला पावतोय! आधी तोंडी चाचणी. परीक्षक बाई स्वभावाने गोड होत्या. त्यांनी विचारलं, घरी वडील काय काय बोलायचे, आठवेल ते बोल. आता गंमत अशी, की बाप लाड करायचा इथल्या भाषेत आणि रागवायचा स्वतःच्या. त्यामुळे ठिणगीने जे आठवलं ते धडाधड म्हणून टाकलं: दार लाव, पाय पूस, गप्प बस, मुकाट्याने जेव, दिवा कोण तुझा काका बंद करणार. एवढंच तिचं भांडवल. पण उच्चार बापाचे, ठसका बापाचा. बाई खूश. कितीतरी वर्षांत इतकी अस्सल भाषा ऐकली नाही म्हणाल्या, आणि पायथ्याच्या वर्गातून तिचं नाव काढून थेट वरच्या वर्गात घातलं.

ती कचेरीत गेली. तिथल्या बाईंनी पडद्याकडे बघत सांगितलं की ‘घरची भाषा’ असा शिक्का एकदा पडला की पायथ्याचा वर्ग संगणक उघडतच नाही. ती पायथ्याच्या वर्गावर तशीच जाऊन बसली. मास्तरांनी तासानंतर बाजूला घेतलं आणि ओशाळत सांगितलं की तू तोंड उघडलंस की बाकीची मुलं बुजतात, तेव्हा न आलेलं बरं. मग ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांच्या खोलीत खुर्च्यांवरही पुस्तकं, त्यामुळे उभ्या उभ्याच बोलणं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि समजावलं, की स्थलांतरितांची मुलं बापाची भाषा अशीच नाकारतात.

“सर, मी नाकारत नाहीये. मला ती येत नाहीये.”

“तसंच वाटतं सगळ्यांना,” ते म्हणाले. “पुढच्या सत्रात यावर आपलं एक अख्खं प्रकरण आहे.”

घ्या! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन तिने जिन्याच्या कठड्यावर अशी बुक्की मारली की दोन दिवस पेन धरवेना. आणि कठडा तर तिथेच होता, विभागही तिथेच, शिक्काही तिथेच.

वरच्या वर्गात राजदरबारांचे जुने ग्रंथ होते. सरदाराने राजाच्या दाराशी उभं राहून काय म्हणावं, पाहुण्याने आसन कसं मागावं, यजमानाची विचारपूस किती शब्दांत करावी, सगळं पाठ करायचं. ठिणगी शब्दकोश छातीशी धरून रात्रंदिवस घोकत बसली, पुलांच्या पेपराचं खोबरं झालं. एकदा न राहवून तिने प्राध्यापकांना विचारलं, की ‘तुम्हाला दुखतंय का’ हे कसं म्हणतात? ते म्हणाले, हे घरगुती बोलणं झालं, अभ्यासक्रमात येत नाही. ज्या घरगुती भाषेच्या शिक्क्यावर तिला वर चढवली, ती तिथे चालतच नव्हती. आता बोला!

इकडे घरी बाप गप्प होत चालला होता. आधी खिडकीशी बसून स्वतःशी पुटपुटायचा, हळूहळू तेही थांबलं. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यातून दमून यायची, त्याच्यापुढे चहा ठेवायची आणि त्याचा चेहरा न्याहाळत बसायची. तो कपाकडे बघायचा. “अगं, काहीही बोल, पण बोल त्याच्याशी,” आई एकदा अगदी काकुळतीला आली. पण आजारी बापाला काय म्हणणार? गप्प बस? पाय पूस? ठिणगीला स्वतःचीच चीड यायची.

शेवटी एका दुपारी तिने ठरवलं, शिकवलंय ना, मग तेच बोलायचं. हसला तर हसला. बाप खिडकीशी बसला होता, दार त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला. ती उंबरठ्यावर उभी राहिली, घसा खाकरला आणि पाठ केलेलं म्हणाली, “आपल्या दाराशी आले आहे. आत येण्याची आज्ञा व्हावी.”

बाप दचकला. ताठ बसला. हाताने सदऱ्याची गुंडी चाचपून लावली. “यावं, यावं,” तो म्हणाला. “बसावं.”

ती त्याच्या उजवीकडच्या खुर्चीवर बसली. तो समोरच्या भिंतीकडे बघतच बोलू लागला. आणि काय सांगावं, तिला कळत होतं! कुणी मोठं माणूस घरी आलंय म्हणून बाप जपून, भारदस्त, एकेक शब्द निवडून बोलत होता, आणि तीच तर वरच्या वर्गाची भाषा. सगळं नाही, पण निम्म्याहून जास्त तिला समजलं.

फार दिवसांनी कुणी बोलणारं आलं, तो म्हणाला. बायकोचं सांगितलं, की धुण्याच्या सोड्यात हात घालून घालून सोलवटून घेते आणि मला मात्र दिवसभर चहा देते.

“मुलगी आहे एक. तिला ही भाषा येत नाही. मीच शिकवली नाही. मी तोंड उघडलं की इथे लोक हसायचे. म्हटलं, तिला कुणी हसायला नको.”

ठिणगीला त्या क्षणी बापाचा भयंकर राग आला. कचेरीचा आला, विभागप्रमुखांचा आला, पण त्याहून जास्त या म्हाताऱ्याचा आला. मला विचारायचंस तरी, असं ओरडावंसं वाटलं. तोंडात ‘बाबा’ आलंच होतं. पण ती हाक इथल्या भाषेतली. तिच्या त्या हाकेला बापाने कित्येक आठवड्यांत एका अक्षराचंही उत्तर दिलं नव्हतं. तिने हाक गिळली आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेला टेकून राहिली.

“आपली कन्या कशी आहे, ते सांगावं,” ती म्हणाली.

“पूल बांधायला शिकते,” बाप म्हणाला. आता तो थांबत नव्हता. “हल्ली रोज समोर बसते नि माझ्याकडे बघते. मला तिच्याशी बोलायचं असतं. तुम्हाला तिची भाषा येते का हो? येईलच ती इतक्यात. तोवर थांबाल ना?”

“थांबेन,” ती म्हणाली.